तडाबाई आणि रस्त्याखालची वाट

आमचा रस्ता वर्षातून किती वेळा खणला जातो याची नोंद ठेवायचं काम औषधाच्या दुकानदाराने आपणहून अंगावर घेतलं होतं. खणायला माणसं आली की तो दुकानातल्या कॅलेंडरवर लाल गोल काढायचा आणि खड्डा बुजला की निळा. एका वर्षी लाल गोल अकरा झाले आणि निळे नऊच. उरलेले दोन खड्डे आमच्या इतके अंगवळणी पडले होते, की त्यातल्या एकाच्या कडेला भाजीवाली रोज टोपली मांडून बसायला लागली होती.

यात दोष असा कुणा एकाचा नव्हता. पाण्याची पाइप फुटली की पाणीवाले यायचे आणि जाता जाता टेलिफोनची केबल तोडून जायचे. मग टेलिफोनवाले यायचे आणि त्यांची पहार गटाराच्या पाइपेत घुसायची. गटारवाले आले की वीज जायची. सगळे एकमेकांना काम पुरवत होते आणि आम्ही मधल्या मध्ये फळ्यांवरून तोल सांभाळत घरी जात होतो. रस्ता तसा अरुंद. नऊशे मीटर लांब, दोन्ही अंगांना तीन-चार मजली जुनी घरं, खाली दुकानं. त्यातून बारा नंबरची बस जायची. जायची म्हणजे जायचा प्रयत्न करायची.

शेवटी पालिकेने आम्हा सगळ्यांना शाळेच्या सभागृहात बोलावलं. भिंतीवर नकाशा लावून एका अधिकाऱ्याने समजावून सांगितलं, की आता वरून खणणं बंद. रस्त्याच्या एका टोकाला जुना बस डेपो आहे, तिथे एक खोल विहीर खणायची. विहिरीत मशीन उतरवायचं. ते मशीन जमिनीखाली अठरा मीटरवरून माती कापत कापत पुढे जाईल, मागच्या मागे काँक्रीटचे गोल बसवत जाईल आणि दुसऱ्या टोकाला बागेजवळ बाहेर पडेल. असा बोगदा झाला की पाणी, गटार, वीज, टेलिफोन सगळं त्याच्या आत, भिंतीला लावलेल्या कप्प्यांवर. काही बिघडलं तर माणूस आत चालत जाईल आणि उभ्या उभ्या दुरुस्त करून येईल. रस्त्याला हात लावायचं कारणच उरणार नाही.

सगळं ऐकून झाल्यावर मागून कुणीतरी विचारलं, "आणि आमच्या घरांचं काय?"

"त्यासाठी आमची माणसं येतील. मशीन निघायच्या आधीपासून ते बाहेर पडेपर्यंत तुमची घरं रोज मोजली जातील," अधिकारी म्हणाले.

ती माणसं म्हणजे प्रत्यक्षात एक बाई निघाली. चाळिशीची, ठेंगणी, पायात बूट, खांद्याला भलीमोठी पिशवी आणि हातात घडीची शिडी. पहिल्या आठवड्यातच गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव तडाबाई ठेवलं आणि तिने ते मुकाट्याने स्वीकारलं. पुढे पुढे तर तीच दार वाजवून म्हणायची, "उघडा, तडाबाई आहे."

तिचं काम असं, की मशीन यायच्या आधी प्रत्येक घरात आधीपासून असलेल्या प्रत्येक तड्याचा फोटो काढायचा, त्याला नंबर द्यायचा आणि महत्त्वाच्या तड्यांवर एक पारदर्शक पट्टी बसवायची. पट्टीचे दोन तुकडे, एकावर बारीक चौकटी, दुसऱ्यावर लाल फुली. तडा रुंदावला की फुली चौकटीतून सरकते. शिवाय भिंतींवर बाहेरून छोटे आरसे आणि रस्त्यात गुळगुळीत पितळी खिळे. कॅमेऱ्यासारखं एक यंत्र तिपाईवर ठेवून ती त्या आरशांवर आणि खिळ्यांवर नेम धरायची, आणि घर किंवा रस्ता केसभर जरी खचला तरी तिला कळायचं. आमच्या स्वयंपाकघरातला तडा एकेचाळीस नंबरचा. चहाच्या डब्यावरून सुरू होऊन खिडकीकडे जातो. त्याच्यामुळेच माझी नि तिची ओळख झाली आणि पुढे मैत्री.

बाप गवंडी होता, असं तिने मला पहिल्याच चहाला सांगितलं. सुट्टीत ती बापाबरोबर कामावर जायची, ओळंबा धरायची, पाणसळ बघायची. भिंतीचं प्लॅस्टर कुठे सुटलंय ते बाप बोटाच्या पेराने ठोकून ओळखायचा. घट्ट असलं तर आवाज खणखणीत, आतून सुटलं असलं तर बद्द. हे तो तिला रोज करून दाखवायचा. तिला इंजिनिअर व्हायचं होतं, पण अठराव्या वर्षी लग्न झालं आणि पुढची पंधरा वर्षं एका जमीन मोजणीच्या कचेरीत आकडे उतरवून काढण्यात गेली. चौतिसाव्या वर्षी तिने मोजणीच्या डिप्लोमाला नाव घातलं. त्याच वर्षी तिची मुलगी शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसली होती. मायलेकी एकाच टेबलावर समोरासमोर अभ्यासाला बसायच्या.

"लेकीला माझ्यापेक्षा सात टक्के जास्त पडले," ती म्हणाली. "अजून ऐकवते मला."

"आणि वडील काय म्हणतात?"

"त्यांना कमी ऐकू येतं आता. कामाला लागले असं सांगितलं तर विचारलं, किती मजल्यांचं आहे. म्हटलं, वर नाही, खाली आहे. तर म्हणाले, आधी पाया नीट बघ."

घरोघरी फिरून तडे गोळा करणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. काही लोक तडे लपवायचे, कारण घर विकायचं होतं. काही जण नसलेले दाखवायचे, कारण पुढेमागे भरपाई मिळेल अशी आशा. एका गृहस्थाने बैठकीच्या खोलीतला ताजा तडा दाखवून सांगितलं, की हा तुमच्या मशीनमुळे पडला. मशीन तेव्हा जहाजात होतं.  तडाबाईने फक्त फरशीवर पडलेला चुना आणि सोफ्यामागचा हातोडा या दोघांचे एकत्र फोटो काढले. गृहस्थांनी चहा विचारला.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे तर मजाच झाली. त्यांचा तडा कपाटामागे होता आणि कपाट वीस वर्षांत हललं नव्हतं. तडाबाईने, वहिनींनी आणि मी मिळून ते पुढे ओढलं. मागे तडा होताच, पण त्याच्या खाली सिगारेटची सहा पाकिटं होती, नीट ओळीत. भाऊजींनी सिगारेट सोडून सात वर्षं झाली, असं वहिनी सगळ्यांना अभिमानाने सांगायच्या.  तडाबाईने पट्टी बसवली, फोटो काढला आणि म्हणाली, "पाकिटं फोटोत आली नाहीत, काळजी नको." त्या दिवसापासून भाऊजी तिला बघून जिन्यात बाजूला व्हायचे.

खरं घोडं अडलं ते बेकरीपाशी.

बेकरी रस्त्याच्या बरोबर मधोमध आहे. ती चालवणाऱ्या मावशी तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांचं तोंड भट्टीइतकंच तापलेलं असायचं. नवरा गेल्यापासून एकतीस वर्षं त्यांनी ती भट्टी एकदाही विझू दिली नव्हती. भट्टी विटांची, कमानीची. असली भट्टी बांधणारा आता सापडत नाही, आणि एकदा थंड झाली की विटा आकसतात, कमान बसते, असं मावशींचं म्हणणं होतं. त्यांनी तडाबाईला दारातच थांबवलं.

"तुझं ते मशीन माझ्या भट्टीखालून जाणार?"

"भट्टीखालून नाही मावशी, रस्त्याखालून. भट्टीपासून सहा मीटर बाजूने आणि अठरा मीटर खालून."

"म्हणजे खालूनच की. मोजून काय करणार? पडल्यावर किती पडली ते सांगणार?"

"पडायच्या आधी सांगता यावं म्हणून तर मोजायचं."

मावशींनी तिला आत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिने पाव घेतला आणि बाहेरच्या बाकावर बसून खाल्ला. पाचव्या दिवशी मावशी म्हणाल्या, "रोज येतेसच तर शिडी तरी आत ठेव, गिऱ्हाइकांच्या पायात येते." शिडी आत गेली आणि मागून तडाबाई गेली.

भट्टीमागच्या भिंतीला जमिनीपासून छातीपर्यंत एक तडा होता. त्याला नंबर मिळाला त्रेसष्ट. तिने पट्टी बसवली, शिवाय दोन्ही बाजूंना खिळे मारून त्यांच्यातलं अंतर कॅलिपरने मोजलं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर अंतर वेगळं. तिसऱ्या दिवशी आणखी वेगळं. मशीन तर अजून डेपोच्या विहिरीत जोडलं जात होतं. तडाबाई चक्रावली. मग ती दिवसातून चार-चार वेळा यायला लागली आणि आठवड्याने तिच्या ध्यानात आलं, की सकाळी भट्टी कडकडीत तापलेली असते तेव्हा विटा फुगतात आणि तडा मिटतो. दुपारी जाळ कमी केला की तडा थोडा उघडतो. एका मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, बस्स. पण रोज, घड्याळ लावल्यासारखा.

"भिंत श्वास घेते तुमची," तिने मावशींना सांगितलं.

"एकतीस वर्षं मी एकटीच श्वास घेते असं वाटत होतं मला इथे," मावशी म्हणाल्या आणि पहिल्यांदाच तिला चहा दिला.

मशीन सुरू झालं. डेपोत काम करणारी माणसं त्याला घूस म्हणायची, कारण ते तसंच होतं. लांबलचक, पुढे दात, माती पोखरत जाणारं. आम्हाला वाटलं होतं घरं हादरतील, भांडी वाजतील. काहीच झालं नाही. दिवसाला दहा-बारा मीटर सरकायचं आणि वर आम्हाला त्याचा पत्ताही नसायचा. घूस आज कुणाच्या घराखाली आहे ते औषधाच्या दुकानाबाहेर रोज फळ्यावर लिहिलं जायचं, तेवढंच. ज्याच्या घराचा नंबर लागायचा तो दिवसभर ऐटीत असायचा. आमच्याखालून गेली तेव्हा मी मुद्दाम फरशीला कान लावला. वहिनींच्या मिक्सरचा आवाज आला.

तडाबाईच्या आकड्यांना तीन रंग होते. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे साहेबांना कळवा, लाल म्हणजे मशीन थांबवा. तड्यांसाठी एक मिलिमीटरपर्यंत हिरवा. चारशे मीटर गेले तरी सगळे आकडे हिरवे होते. बोगद्याचे तरुण इंजिनिअर, ज्यांना ती वयाने मोठी असूनही साहेब म्हणायची आणि जे तिला ताई म्हणायचे, ते खुशीत होते.

त्या दिवशी घूस बेकरीपासून पंचवीस मीटर अलीकडे होती. सकाळचे पावणेअकरा वाजले होते, भट्टी रसरसलेली, पावाची दुसरी खेप बाहेर निघत होती. तडाबाईने कॅलिपर लावला आणि पुन्हा लावला. मग तिने हात पुसले, कॅलिपर पुसला, आणि तिसऱ्यांदा लावला. तडा मिटलेला असायला हवा होता. तो उघडा होता. पाऊण मिलिमीटर.

कागदावर हे हिरव्यातच बसत होतं. तिने साहेबांना फोन केला.

"ताई, तो तडा तर रोजच कमीजास्त होतो," साहेब म्हणाले. "तुमच्याच अहवालात लिहिलंय तुम्ही. भट्टीमुळे."

"होतो साहेब. पण दुपारी उघडतो. आत्ता मिटायची वेळ आहे. भट्टी तापलेली असताना हा उघडलाय, म्हणजे हा भट्टीचा नाही."

"अजून एक मिलिमीटरसुद्धा झाला नाहीये."

"झाल्यावर लाल म्हणायचं का?"

 मशीन थांबवणं म्हणजे गाडीचा ब्रेक दाबणं नव्हे, हे तिलाही ठाऊक होतं. पुढची माती ढासळू नये म्हणून मशीनने ती सतत दाबून धरावी लागते. फार वेळ उभं राहिलं तर मशीनच मातीत रुतून बसायची भीती. उगाच थांबवलं आणि काहीच निघालं नाही, तर उत्तर साहेबांनाच द्यावं लागणार होतं. "मी मोठ्या साहेबांशी बोलतो, दहा मिनिटं द्या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती दहा मिनिटं तडाबाई बसून राहिली नाही. ती बाहेर आली, तिपाई लावली आणि रस्त्यातल्या पितळी खिळ्यांवर नेम धरला. बेकरीसमोरचा खिळा आदल्या दिवसापेक्षा तीन मिलिमीटर खाली होता. त्याच्या अलीकडचा जागच्या जागी. पलीकडचाही जागच्या जागी. सगळा रस्ता थोडा बसला असता तर ते समजण्यासारखं होतं, पण एकच खिळा का? तिने मावशींकडे पहार मागितली. मावशींनी लगेच दिली. पहार उभी धरून तिने फुटपाथवर आपटली. खणखणीत आवाज. दोन पावलं पुढे जाऊन आपटली. खणखणीत. बेकरीच्या बरोबर समोर, रस्त्याच्या कडेला आपटली आणि आवाज आला बद्द.

मी तेव्हा पाव घ्यायला उभी होते. तिचा चेहरा असा मी आधी कधी पाहिला नव्हता. ती म्हणाली, "हा बाक धरा जरा." आम्ही दोघींनी बेकरीचा बाक उचलून रस्त्यात आडवा टाकला. औषधवाल्याने त्याच्या दोन खुर्च्या दिल्या. भाजीवालीने आपली टोपली आणि एक कळकट छत्री मधोमध ठेवली. कुणाचाही हुकूम आला नव्हता. रस्ता आम्हीच बंद केला.

आणि तिने फोन काढून नवऱ्याला लावला.

हे सांगायचं राहिलं, की बारा नंबरच्या बसचा सकाळचा ड्रायव्हर तिचा नवरा होता. मनाने अत्यंत शांत माणूस. आमच्या रस्त्यावरून रोज सहा वेळा जायचा आणि खड्ड्यांमुळे रोज सहा वेळा उशीर व्हायचा, तरी चिडायचा नाही.

"अहो, कुठे आहात?"

"बागेपाशी वळतोय. का?"

"आत वळू नका. बस तिथेच उभी करा."

"पन्नास माणसं आहेत बसमध्ये."

"म्हणूनच."

 त्याने विचारलं, "हे बायको सांगतेय की ऑफिस?"

"दोन्ही."

"बरं," तो म्हणाला आणि बस बाजूला लावली. नंतर मला कळलं, की प्रवाशांनी त्याला कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "वरून आदेश आलाय."

दहा मिनिटांऐवजी सातव्या मिनिटाला घूस थांबली. साहेबांनी मोठ्या साहेबांना काय सांगितलं ते ठाऊक नाही, पण दोघेही अर्ध्या तासात बेकरीसमोर हजर होते. मोठे साहेब पिकल्या केसांचे, कमी बोलणारे. त्यांनी तडाबाईच्या वहीतले आठवड्याभराचे आकडे उभ्या उभ्या वाचले, सकाळचे आणि दुपारचे वेगवेगळे. मग पहार मागून घेतली आणि स्वतः आपटून पाहिली. दोनदा.

"भोक पाडा इथे," ते म्हणाले.

ड्रिल आणून मनगटाएवढं भोक पाडलं. वरचं डांबर, खालची खडी, त्याखालची थोडी माती, आणि मग ड्रिल एकदम सुटलं. आत लांब सळई सोडली तर ती कुठेही न टेकता दीड मीटर खाली गेली. कॅमेरा सोडला. खाली एक खोली होती, जवळजवळ आमच्या स्वयंपाकघराएवढी. तिच्या एका बाजूला विटांचं एक जुनंपुराणं गटार, फुटलेलं, कुठल्याही नकाशात नसलेलं. ते कोण जाणे किती वर्षांपासून गळत होतं आणि गळता गळता वाळू धुऊन नेत होतं. वर उरलं होतं डांबराचं नि खडीचं एक झाकण, आणि त्या झाकणावरून दिवसभर बस जात होती.

"घुशीने केलं हे?" मावशींनी विचारलं.

"नाही मावशी," मोठे साहेब म्हणाले. "हे आमच्या आधीचं आहे. पण मशीन जवळ आलं तशी त्याची कड सुटायला लागली. बाईंनी थांबवलं नसतं तर आम्ही त्याच्या खालून गेलो असतो, आणि ते वरून आत आलं असतं. आणि आम्ही आलोच नसतो, तर एखाद्या दिवशी बस गेली असती."

बस म्हटल्यावर तडाबाई फुटपाथच्या कडेवर बसली.  बुटाची लेस सोडून तिने ती पुन्हा बांधली.

आता ती पोकळी भरायची होती. पातळ सिमेंट नळीने आत सोडायचं, थोडं थोडं, तीन दिवस. तोवर घुशीने जागेवर राहून माती दाबून धरायची. आणि बेकरीची इमारत रिकामी करायची. रिकामी म्हणजे माणसं बाहेर आणि भट्टी बंद, कारण जळती भट्टी एकटी सोडता येत नाही.

हे सांगायला साहेब पुढे झाले, पण मावशींकडे बघून पायरीवरच थांबले. तडाबाईने त्यांना मागे केलं.

"मावशी, भट्टी विझवावी लागेल."

मावशी भट्टीकडे बघत राहिल्या. 

"एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"कमान बसली तर?"

"बसू नये म्हणून हळूहळू थंड करू. एकदम नाही. मी इथे थांबते, दर तासाला मोजते. भिंत बाहेरून आरशांवरून दिसते मला. काही हललं तर मला सगळ्यांच्या आधी कळेल."

"आणि कळून काय करशील?"

"तुम्हाला खरं सांगेन," तडाबाई म्हणाली.

मावशींनी पदर खोचला, शेवटची खेप बाहेर काढली, ती दुकानात उभ्या असलेल्यांना वाटून टाकली आणि जाळ ओढून घ्यायला लागल्या. एरवी त्यांच्या पाठीत उसण भरलेली असायची, पण त्या दिवशी त्यांनी फावड्याला कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत निखारे राखेत झाकले गेले. मग त्या आमच्याकडे राहायला आल्या, कारण आमच्याकडे एक खोली रिकामी होती.

पहिल्या सकाळी मावशी सवयीप्रमाणे चारला उठल्या, करायला काही नाही म्हणून पुन्हा झोपल्या, आणि आठला जाग आली तेव्हा घाबरून बसल्या. दुसऱ्या सकाळी साडेआठला उठल्या आणि घाबरल्या नाहीत. तिसऱ्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "ठेव तिथे, लोळते अजून पाच मिनिटं." लोळणं ही काय चीज आहे ते त्यांना अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

तडाबाई मात्र ते तीन दिवस रस्त्याच्या पलीकडे तिपाई लावून बसली होती. उन्हात छत्री धरून, दर तासाला वहीत आकडा. तिचा नवरा पायी डबा घेऊन यायचा, कारण बस दुसऱ्या रस्त्याने वळवली होती. तो शेजारी बसायचा आणि दोघं मिळून जेवायची. मुलगी एकदा कॉलेजमधून आली, आईच्या यंत्रातून बघून म्हणाली, "मला तर सगळं उलटं दिसतंय." आई म्हणाली, "तुला सात टक्के जास्त आहेत, तूच विचार कर." मुलीने भिंग स्वच्छ करून दिलं.

चौथ्या दिवशी पोकळी भरली. पहार आपटली तर खणखणीत आवाज आला. मोठ्या साहेबांनी स्वतः ऐकून घेतला आणि मग घूस सुरू झाली. बेकरीसमोरून जायला तिला तीन दिवस लागले, नेहमीपेक्षा सावकाश. तडाबाईचा मुक्काम तिथेच. एकूण खचणं चार मिलिमीटर. त्रेसष्ट नंबरचा तडा उघडला होता तेवढाच राहिला, पुढे गेला नाही.

भट्टी पेटवायच्या आधी मावशी आणि तडाबाई दोघी बॅटरी घेऊन कमानीत वाकल्या. थंड भट्टी आतून बघायची मावशींनाही पहिलीच खेप होती. वीट न् वीट तपासली. एका विटेला केसासारखा नवा तडा निघाला. तडाबाईने फोटो काढायला कॅमेरा काढला, तर मावशींनी तिचा हात धरला.

"हा लिहू नकोस. हा माझ्या खात्यातला. विझवताना मी पाणी शिंपडलं होतं थोडं, तुला न सांगता."

"लिहावं लागेल मावशी. पण कारणही लिहीन."

"मग नीट लिही. म्हातारीला घाई झाली होती, असं."

तिने वहीत तसंच लिहिलं. मी स्वतः पाहिलं आहे.

भट्टी पुन्हा पेटली. कमान बसली नाही. पण दर सोमवारी बेकरी बंद राहील अशी पाटी मात्र लागली, आणि मावशी सोमवारी नऊपर्यंत झोपतात. भट्टी थंड होऊ नये म्हणून रविवारी संध्याकाळी निखारे राखेत झाकून ठेवायचं तंत्र त्यांनी त्या दिवसांतूनच शोधून काढलं.

दोन महिन्यांनी घूस बागेजवळ बाहेर पडली. तिथेही तशीच विहीर खणली होती आणि आम्ही सगळे तिच्या कठड्याभोवती जमलो होतो. आधी विहिरीची भिंत थरथरली, मग माती भुसभुशीत होऊन गळाली आणि दातांचं ते चाक चिखलाने माखून फिरत बाहेर आलं. ठरलेल्या जागेपासून ते फक्त दोन बोटं बाजूला होतं. तडाबाईने ते टेपने मोजलं, आणि तिला मोजताना बघून सगळे हसले.

मग आत पाइपा आणि केबली घालायला वर्ष लागलं. वरचा रस्ता एकदाच शेवटचा खणला, प्रत्येक घराची जोडणी खाली न्यायला, आणि त्यानंतर गुळगुळीत डांबर पडलं. औषधवाल्याच्या कॅलेंडरवर गोल काढायला काही उरलं नाही, तेव्हा तो बस किती वाजता आली ते लिहायला लागला. बस वेळेवर यायची. तडाबाईचा नवरा म्हणतो, आता उशीर झाला तर दोष द्यायला रस्ता उरला नाही, पंचाईत झाली आहे.

तडाबाईला आता कायम नोकरी मिळाली आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवा बोगदा चाललाय, तिथे तिच्या हाताखाली चौघी जणी आहेत. नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी आकड्यांची मर्यादा शिकवत नाही. एका भिंतीचे सकाळचे आणि दुपारचे आकडे आठवडाभर नुसते उतरवून काढायला लावते, आणि मग विचारते, "ही भिंत रोज काय करते?" उत्तर आलं की पुढचं काम.

आमच्या बोगद्यात मात्र ती दर सहा महिन्यांनी येते. मागच्या खेपेला मलाही बरोबर नेलं होतं, डोक्यावर हेल्मेट घालून. आत दिव्यांची रांग, एका अंगाला निळ्या पाइपा, दुसऱ्या अंगाला केबलींचे कप्पे, मधून दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी वाट. दुपारचे तीन वाजले असतील. बेकरीच्या आसपास एका पाइपेचा जोड ठिबकत होता आणि दोन फिटर पान्याने तो आवळत होते. एकाने खालची चकती बदलली, दुसऱ्याने फडक्याने पाणी पुसलं. वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. वर असतं तर पंधरा दिवस रस्ता बंद झाला असता.

तडाबाईने भिंतीवरच्या आरशांवर नेम धरून आपले आकडे उतरवले आणि आम्ही लिफ्टने वर आलो. बेकरीत गेलो तर मावशी एका गिऱ्हाइकाशी भांडत होत्या, कालचा पाव ताजा म्हणून दिला की नाही यावरून. खाली पाइप गळून दुरुस्तही झाली होती हे आम्ही सांगितलं, तर त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता या माणसाला सांगा, पाव आजचाच आहे."

तडाबाईने पाव हातात घेतला, दाबून बघितला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "आजचाच आहे." तिच्या शब्दाबाहेर आमच्या रस्त्यावर कुणी जात नाही. गिऱ्हाइकाने पाव पिशवीत टाकला.